ताकदीची गोळी

औषधांचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे 'अर्धा डॉक्टर' म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. तीस वर्षं एकाच काउंटरमागे उभं राहून माणसाला जेवढं शहाणपण येतं तेवढं त्याला आलं होतं. एखाद्या चिठ्ठीतली दोन औषधं एकमेकांशी भांडणारी असली की तो फोन उचलून डॉक्टरला विचारायचा. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना तर तो स्टुलावर बसवून पढवायचा, "ही जेवल्यावर, ही उपाशीपोटी, आणि ही शेजारणीने सांगितलेली अजिबात नाही."

दुकानाच्या वर घर होतं. घरात तो, त्याची बायको आणि त्याची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. दुकानामागे एक लांबट खोली होती, ती आईची कामाची. नवरा तरुणपणीच गेल्यावर तिने वेताच्या खुर्च्या विणायला सुरुवात केली ती आजतागायत. फाटकी बैठक कापून काढायची, वेताच्या पट्ट्या टबातल्या पाण्यात भिजत घालायच्या, मग टोच्याने भोकं मोकळी करून दोन उभे, दोन आडवे, दोन तिरके असे पदर ओढत जाळी विणायची. मुलाचं सगळं शिक्षण त्या जाळीतूनच गाळून निघालं होतं. आता त्याची उंची सहा फूट, वय चोपन्न, डोक्यावर टक्कल, आणि आई त्याला 'छोट्या' म्हणायची. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

मागच्या वर्षी आईची झोप मोडायला लागली. रात्री तीनतीनदा लघवीला उठायची, आणि एकदा उठली की डोळ्याला डोळा लागायचा नाही. मग काय करणार? स्वयंपाकघरात जाऊन डबे पुसायची, भांडी लावायची. कितीही हळू केलं तरी भांड्याला भांडं लागायचंच. बायको बेकरीत कामाला, तिला पहाटे पाचला निघायचं असायचं. ती बिचारी बोलायची नाही, पण तिचे डोळे तारवटलेले दिसायचे. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने आईला लघवीसाठी एक गोळी लिहून दिली. तिने उठणं थोडं कमी झालं, पण झोप काही आली नाही.

तेव्हा त्याने आपल्याच फळीवरून एक पाकीट काढलं. शिंका आणि अंगाची खाज यांवरची पिवळी गोळी, चिठ्ठीशिवाय मिळणारी, घेतली की डोळ्यांवर झापड आणणारी. एवढ्याशा गोळीने काय होतंय, असं त्याने स्वतःला सांगितलं. आईला मात्र वेगळंच सांगितलं.

"हे काय रे नवीन?" तिने विचारलं.

"ताकदीची आहे. रोज जेवणानंतर घ्यायची."

"दे बाबा. ताकद हवीच, अजून चार खुर्च्या व्हायच्यात."

तिने तळहात पुढे केला, त्याने गोळी ठेवली, तिने पाण्याबरोबर गिळली. इतकं सोपं होतं ते. घरात सगळे गाढ झोपले. सकाळी बायको म्हणाली, "अहो, किती दिवसांनी झोपले मी!" त्याला वाटलं, आपण कुणाचं तरी भलं केलं.

पंधरा दिवसांनी एक गोळी पुरेना, तेव्हा त्याने दोन केल्या. पुढे कधी कधी दुपारीही एक. बायको कामावरून येऊन दुपारी तासभर आडवी व्हायची, तेव्हा आई खालच्या खोलीतून त्याला हाका मारत राहायची. यातलं काहीच त्याने बायकोला सांगितलं नाही.

मग एकेक गोष्ट सुरू झाली. आईचं तोंड कोरडं पडायला लागलं, सारखी पाणी मागायची. त्याने साखर तपासली, ठीक होती. तिला धूसर दिसायला लागलं. त्याने चष्मा बदलून आणला. मग एक दिवस ती खोलीत अर्धवट विणलेल्या खुर्चीपुढे बसलेली दिसली. हातात पदर, पण तो वरून न्यायचा की खालून, ते तिला सुचत नव्हतं. पन्नास वर्षं झोपेतही जे चुकलं नसतं, ते हातातून निसटलं होतं. त्याला पाहताच ती घाईघाईने म्हणाली, "वेत वाईट आलाय या वेळी." आणि हसली. दोन महिन्यांनी ती दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून दुकानात आली आणि भर गिऱ्हाइकांत विचारलं, "तुझे बाबा अजून आले नाहीत का रे?"

त्याने तिला जिन्यापाशी नेऊन वर जायला सांगितलं. उरलेल्या गिऱ्हाइकांना त्याने हलक्या आवाजात सांगितलं, "वय झालंय. आता असंच चालायचं." आई जिन्यातच होती. तिने ऐकलं की नाही, हे त्याने पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात टोपी घातलेले एक आजोबा आले आणि नेमकी तीच पिवळी गोळी मागायला लागले. झोप येत नाही म्हणून. त्याने त्यांना स्टुलावर बसवलं. "आजोबा, या वयात ही नको. माणूस भ्रमिष्टासारखा होतो हिने. तोल जातो, पडलात तर कमरेचं हाड मोडेल." आजोबा हात जोडून गेले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच. दुकान बंद करून तो वर गेला आणि जेवणानंतर आईच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच माणसाने केल्या. आजोबांना सांगताना त्याला आईची आठवण झालीच नाही का? झाली होती. क्षणभर. त्याने त्या आठवणीवर दार लावून घेतलं.

आईच्या हातून आता टोचा निसटून मांडीला लागायचा. त्याने ओळखीच्या सुताराला बोलावलं आणि टोचा, सुऱ्या, खुंट्या, टब, उरलेला वेत, सगळं देऊन टाकलं. रिकाम्या खोलीत औषधांची खोकी रचली. आई वरच्या खिडकीतून सुताराची हातगाडी जाताना बघत होती. "कुणाचं सामान चाललंय?" तिने सुनेला विचारलं.

सून मात्र हातावर हात धरून बसणाऱ्यांतली नव्हती. तिच्याच हट्टामुळे त्यांनी मोठ्या रुग्णालयातल्या वृद्धांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. तिकडून निरोप आला, येताना आजींची सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा, अगदी मलमसुद्धा.

त्याने पिशवी भरली. रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी, गुडघ्याचं मलम, डोळ्यांचे थेंब. पिवळ्या गोळ्यांचं पाकीट त्याने आत टाकलं, बाहेर काढलं, परत टाकलं. शेवटी शर्टाच्या खिशात ठेवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या त्याच्याशी नाही, आईशी बोलत होत्या, खुर्ची पुढे ओढून, सावकाश. आईला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर तिने सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले. मग बाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. लघवीची गोळी वेगळी काढून त्या म्हणाल्या, "ही आधी बंद करू. म्हातारपणी हिने डोकं गढूळ होतं काही जणांचं. तोंड कोरडं पडतं, दिसायला धूसर, सगळी लक्षणं जुळतात. पण एवढ्याशा डोसने इतकं होणं जरा..." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "आणखी काही घेतात का? चिठ्ठीशिवायचं? झोपेचं, सर्दीचं?"

"नाही," तो म्हणाला. पाकीट खिशात त्याच्या छातीला टोचत होतं.

"विचारावं लागतं हो. तुमच्या घरात तर प्रश्नच नाही म्हणा, तुम्ही जाणकार."

"हो," तो म्हणाला.

घरी परतताना बायको गाडीत बोलत होती, आई खिडकीतून बाहेर बघत होती. त्याच दिवसापासून त्याने दोन्ही गोळ्या बंद केल्या. एक उजळ माथ्याने, दुसरी चोरून.

पहिले काही दिवस आई फार बेचैन होती. मग हळूहळू, धुकं विरावं तशी ती परत आली. एका सकाळी चहा पिताना म्हणाली, "हा पडदा कधी बदलला गं?" पडदा बदलून चार महिने झाले होते. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या आठवड्यात आईने स्वतःचं पातेलं स्वतः घासलं, समोर राहणाऱ्या निवृत्त मास्तरीणबाईंशी पत्ते खेळली आणि त्यांना हरवलं. पाचव्या आठवड्यात जिना उतरून आपल्या खोलीच्या दारात उभी राहिली.

खोक्यांकडे पाहून तिने विचारलं, "माझा टोचा कुठे आहे?"

त्याने सांगितलं. तिने त्याचा हात थोपटला.

"बरोबर केलंस. मी वेडीच झाले होते. वेड्याच्या हातात टोचा कोण ठेवील?"

तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तो तसाच उठून सुताराकडे गेला. टब मिळाला, सुऱ्या मिळाल्या, पण टोच्याचं टोक मोडलं म्हणून सुताराने तो फेकून दिला होता. "आजी परत काम करतील असं तुम्ही कुठे म्हणाला होतात?" सुतार म्हणाला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. परत येताना त्याने नवा टोचा आणला, खोकी हलवली, खोली झाडून दिली. आईने नवी मूठ हातात फिरवून पाहिली. "बोचतेय जरा. होईल सवय."

पण खरं संकट पुढेच होतं. आई गल्लीभर सांगत सुटली. दूधवाल्याला, मास्तरीणबाईंना, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला. "डॉक्टरांचं काही नाही हो, माझ्या छोट्याने मला बरं केलं. मला तर नावंसुद्धा आठवत नव्हती. त्याने हार मानली नाही." लोक त्याच्याकडे कौतुकाने बघायचे, आणि तो काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायला लागायचा. बायको एकदा म्हणाली, "अहो, आई एवढ्या बऱ्या झाल्या आणि तुमचंच जेवण का कमी झालंय?" त्याने ॲसिडिटीवर ढकललं. स्वतःला गोळीही दिली.

त्यात आई एक दिवस म्हणाली, "अरे, ती ताकदीची गोळी का बंद केलीस? तिनेच तर मला उभं केलं."

"आता गरज नाही तिची."

"तू म्हणशील तसं."

तीनच दिवसांनी मास्तरीणबाई दुकानात आल्या. याच बाईंनी त्याला लहानपणी पाढे शिकवले होते. "तुझ्या आईची ती पिवळी ताकदीची गोळी मलाही दे बरं. हल्ली पायात त्राण नाही."

"संपली, बाई."

"मग मागव की."

"कंपनीने बंद केली."

"असू दे," बाई छत्री उचलत म्हणाल्या. "तुझ्या आईकडे वीसेक साठलेल्या आहेत. बटणांच्या डब्यात. आज चार वाजता मला बोलावलंय, सगळ्या मलाच देणार म्हणाली."

बाई ऐंशीच्या पुढच्या. एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या घराच्या पायऱ्या उभ्या आणि अरुंद. एक साधं वाक्य पुरलं असतं, बाई, ती गोळी वाईट आहे, घेऊ नका. पण मग पुढचा प्रश्न आला असता, आणि बाई तर उत्तर येईपर्यंत पोराला बाकावर उभं करणाऱ्या. त्याने "बरं" म्हटलं. बाई गेल्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजत होते. त्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि मागच्या खोलीत गेला.

आई स्टुलावर बसून एका खुर्चीला तिरके पदर घालत होती. बटणांचा पत्र्याचा डबा शेजारीच होता.

"आई, त्या गोळ्या बाईंना देऊ नकोस."

"का रे? मला नकोच आहेत आता. मधे डोकं फिरलेलं, तेव्हा मीच लपवून ठेवायचे वाटतं. सापडल्या परवा."

"त्या ताकदीच्या नाहीत."

तिने पदर ओढला, खुंटी दाबली. "मग कशाच्या?"

"झोपेच्या. म्हणजे खाजेच्या आहेत, पण झोप येते त्यांनी. तू रात्री उठायचीस म्हणून मी दिल्या." एकदा बांध फुटल्यावर शब्द आपोआप बाहेर पडायला लागले. "तुझं डोकं गढूळ झालं ते त्यांच्यामुळेच. लघवीची गोळी आणि ही, दोन्ही मिळून. मला माहीत होतं. म्हणजे माहीत असायला हवं होतं. नाही, माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो."

आईचे हात थांबले.

"किती दिवस?"

"सात महिने."

"रोज?"

"रोज. कधी कधी दुपारीही."

"दुपारी कशाला? दुपारी मी कुणाची झोप मोडत होते?"

ती हाका मारायची, एवढंच तर होतं. एका म्हातारीने आपल्या मुलाला हाका मारल्या होत्या.

तिने नवा टोचा उचलून हातात धरला. मग बोलली ती अगदी शांतपणे. "तुला ठाऊक आहे, मला कसं व्हायचं? हातात पदर असायचा आणि पुढचं काही नसायचं. नुसतं पांढरं. वाटायचं, मेल्यावर असंच असेल. मी तुम्हाला दाखवायचे नाही. वेत वाईट आलाय म्हणायचे. छोट्या घाबरेल, म्हणायचे."

"आई, चुकलो मी."

"चुकलास नाही. चूक नकळत होते." तिने डबा उचलून त्याच्या हातात दिला. "मला एकदा म्हणाला असतास, आई, तुझ्या डब्यांच्या आवाजाने आमची झोप मोडते, तर मी खाली या खोलीत येऊन बसले असते. तेवढी अक्कल होती मला तेव्हा."

तो खाली मान घालून उभा राहिला. लहानपणी मार खाताना राहायचा तसा, पण मार काही आला नाही.

"बाई येतील आता," ती म्हणाली. "त्यांना तूच सांग. माझ्यासमोर. आणि बायकोलाही. आणि त्या डॉक्टरीणबाईंना."

त्याने सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, त्याच्याकडे असं पाहिलं की चोपन्नाव्या वर्षी त्याला बाकावर उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि म्हणाल्या, "मग पायातल्या त्राणासाठी दुसरं काय आहे?" बायकोला जास्त त्रास याचा झाला की ती सात महिने ज्या झोपेबद्दल आभार मानत होती, ती झोप कुठून आली होती ते तिला कळलं. दोन दिवस ती नवऱ्याशी कामापुरतं बोलली, आणि सासूपाशी बसून रडली. सासूने तिला जवळ घेतलं. "तुझा काय दोष गं?"

डॉक्टरीणबाईंकडे तो एकटाच गेला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी तुम्हाला रागावले असते, इतकंच," त्या म्हणाल्या. "आता मला तुमच्या प्रत्येक 'नाही'वर शंका येणार. पुढच्या वेळी आजींना आत एकट्यांनाच पाठवा." तो मान हलवून बाहेर आला.

आई रागावली नव्हती. राग असता तर कधीतरी उतरला असता. ती त्याच्याशी बोलायची, जेवायला वाढायची, 'छोट्या'ही म्हणायची, पण कौतुक करणं तिने थांबवलं, आणि त्याच्या हातचं काही घेईना. त्याने पाण्याचा पेला दिला की "ठेव तिथे" म्हणायची, आणि तो वळला की तो पेला मोरीत ओतून स्वतः माठातून नवीन भरून घ्यायची. हे त्याने आरशातून दोनदा पाहिलं. ती मुद्दाम करत नव्हती. तिला ते टाळताच येत नव्हतं. रक्तदाबाच्या गोळ्या आता ती स्वतःच्या डब्यात, स्वतःच्या कपाटात ठेवायची आणि किल्ली कमरेला. दर महिन्याला सुनेबरोबर रुग्णालयात जायची, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत एकटीच. खोलीत काय बोलणं झालं ते त्याला कुणी सांगत नसे आणि तो विचारत नसे.

थंडीच्या दिवसांत आईला ताप भरला. सून कामावर गेलेली. अंग तापलेलं, डोकं ठणकत होतं. तो खाली जाऊन तापाची साधी गोळी घेऊन आला, तिच्या पलंगापाशी उभा राहिला. तिने हात पुढे केला नाही.

"कशाची आहे?"

"तापाची."

"कागद असतो ना आत? वाच."

त्याने घडी उलगडली. बारीक अक्षरातला लांबलचक कागद. चष्मा लावून त्याने सुरुवात केली. गोळीत काय काय आहे, कशासाठी घ्यायची, किती घ्यायची, वयस्कर माणसांनी किती. यकृताचा आजार असेल तर काय. मळमळ, अंगावर पुरळ, सगळं. मध्येच त्याने एक ओळ गाळली, ती लहान मुलांबद्दलची होती.

"काय गाळलंस?"

"लहान मुलांचं आहे."

"तेही वाच."

त्याने तेही वाचलं. खाली कुणीतरी दुकानाच्या दारात "आहे का कुणी?" म्हणून हाक मारत होतं. तो वाचत राहिला, शेवटच्या ओळीपर्यंत, उन्हापासून दूर, कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. आईने डोळे मिटले होते. झोपली की काय असं त्याला वाटलं.

मग तिने डोळे न उघडता तळहात पुढे केला.

"अर्धी दे," ती म्हणाली. "आणि पाणी मी घेते."